कोकण किनाऱ्यावरील सागरी अवशेष : क्षेत्रनोंद आणि इतिहासलेखन

कोकणच्या सागरी इतिहासाची जी साधने आजवर वापरली गेली, ती बहुतांशी लिखित आहेत. कान्हेरीच्या लेखांतील दानशूर व्यापारी, शिलाहारांचे ताम्रपट, ग्रीक व अरब प्रवाशांची वर्णने, पोर्तुगीज व इंग्रज यांचा पत्रव्यवहार आणि आंग्र्यांसंबंधीचे मराठी कागद यांच्या आधारे या किनाऱ्याचा इतिहास सिद्ध झाला. या साधनांत बंदरांची नावे येतात, मालाच्या याद्या येतात, लढायांच्या तिथी येतात. परंतु गलबत नेमके कोठे लागत असे, नांगर कशाचा होता, माल कोणत्या भांड्यांतून उतरत असे आणि ती भांडी रिकामी झाल्यावर कोठे फेकली जात, या प्रश्नांना लेखांतून क्वचितच उत्तर मिळते. त्याचे उत्तर किनाऱ्यावर, खाडीच्या गाळात आणि काही ठिकाणी पाण्याखाली आहे. डहाणूपासून तेरेखोलपर्यंतचा महाराष्ट्राचा सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा व त्यास लागून असलेला गोमंतकाचा किनारा या दृष्टीने पाहिला, तर लिखित साधनांवरून काढलेले काही निष्कर्ष दृढ होतात, काही शिथिल होतात, आणि काही सोडून द्यावे लागतात. हे शिथिल होणारे व सोडून द्यावे लागणारे निष्कर्ष विशेष लक्ष देण्याजोगे आहेत.

या कामाचा आरंभ फार जुना आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपारे येथील ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखला जाणारा स्तूप उघडला, ही हकीकत सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी भातेळा तळ्याजवळ त्यांना अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडा मिळाला, ही गोष्टही अभ्यासकांस ठाऊक असते. परंतु तो तुकडा जेथे सापडला ती जागा खाडीच्या जुन्या उताराजवळची होती, याकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. पुढे १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावच्या किनाऱ्यावर नवव्या शासनाचा तुकडा उपलब्ध झाला. दोन तुकडे, दोन जागा, आणि दोहोंमध्ये चौऱ्याहत्तर वर्षांचे अंतर. मूळ शिळा कोठे उभी होती, ती फुटून तिचे तुकडे बांधकामासाठी किंवा नावांच्या भरासाठी कोणी नेले काय, की खाडीचा प्रवाह बदलल्यामुळे ते विखुरले, या प्रश्नांचा विचार शासनांच्या अक्षरांवरून होऊ शकत नाही. वसईच्या परिसरातील जुन्या खाड्या गाळाने भरून त्यांची शेते व मिठागरे झाली आहेत. त्यांचे जुने पात्र कोठून वाहत होते हे निश्चित झाल्यावाचून सोपाऱ्याच्या बंदराची जागा निश्चित होणार नाही, आणि ती निश्चित झाल्यावाचून शासनाची शिळा बंदरातून उतरणाऱ्या परदेशीय व्यापाऱ्यांच्या दृष्टीस पडावी म्हणून उभारली होती, असे विधान करणे हे केवळ अनुमान ठरेल.

लेखाचे अक्षर नसलेल्या अवशेषांची अडचण याहून मोठी असते. बोरिवलीनजीक एकसर येथील वीरगळ हे याचे उत्तम उदाहरण होय. सहा मोठ्या शिळांची ही रांग ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरात सविस्तर वर्णिलेली आहे. शिळांवर एकावर एक पट्टे आहेत. खालच्या पट्ट्यांत युद्ध, वर वीराचे स्वर्गारोहण आणि सर्वांत वर शिवपूजन, असा महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा क्रम येथेही आहे. परंतु यांतील काही शिळांवर भूमीवरील युद्धाऐवजी जलयुद्ध कोरले आहे. उंच नाळेची गलबते ओळीने चालली आहेत, एका बाजूस वल्ह्यांची रांग दिसते, वरच्या फळीवर सशस्त्र पुरुष उभे आहेत, आणि पाण्यात पडणारे देह शिल्पकाराने वगळलेले नाहीत. महाराष्ट्रातील शिल्पांत गलबतांच्या युद्धाचे असे चित्रण अन्यत्र क्वचितच आढळेल.

हे युद्ध कोणते? उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर याच्यावर देवगिरीच्या महादेव यादवाने इ. स. १२६५ च्या सुमारास स्वारी केली. भूमीवर पराभव झाल्यावर सोमेश्वराने समुद्राचा आश्रय केला आणि तेथे तो बुडून मेला, असे हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीवरून समजते. एकसरचे वीरगळ या युद्धाचे स्मारक असावेत, असे मत त्यानंतर मांडले गेले व ते आता जवळजवळ सर्वमान्य झाले आहे. मत संभाव्य आहे, यात शंका नाही. तथापि त्याची घडण कशी झाली आहे हे ध्यानात ठेवणे इष्ट. शिळांवर राजाचे किंवा युद्धाचे नाव देणारा लेख उपलब्ध नाही. प्रशस्ती ही विजेत्याच्या मंत्र्याने लिहिलेली आहे. वीरगळ मात्र, ते सोमेश्वराच्या पक्षाचे असोत वा महादेवाच्या, मृतांच्या आप्तांनी किंवा स्वामींनी उभारलेले आहेत. हे दोन पुरावे एकमेकांस आधार देतात असे म्हणण्यापूर्वी त्यांपैकी प्रत्येक स्वतंत्रपणे काय सांगतो, हे पाहावयास हवे. तेराव्या शतकात ठाणे-साष्टीच्या आसपास वल्ह्यांनी चालणारी, योद्धे वाहणारी गलबते होती आणि त्यांवर मरण आलेल्यांची स्मृती शिळेवर कोरण्याइतकी प्रतिष्ठित होती, एवढे या शिळा निःसंशय सांगतात. गोव्यातील कदंबकालीन वीरगळांवरही नौका कोरलेल्या आहेत. त्यांची व एकसरच्या नौकांची अवयवशः तुलना केल्यास नौकाबांधणीच्या इतिहासास जो लाभ होईल, तो युद्धाचे नाव निश्चित झाल्याने होणाऱ्या लाभाहून कमी खचित नसेल. परंतु अशा तुलनेसाठी शिळांची प्रमाणबद्ध रेखाटने लागतात. उघड्यावर असलेल्या दगडाची झीज थांबत नाही, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या वर्णनकारास जे वल्हे मोजता आले ते पुढील पिढीस मोजता येईलच असे नाही.

किनाऱ्यावरील व पाण्याखालील नोंदीचे काम भूमीवरील उत्खननाहून काही बाबतींत भिन्न आहे. भूमीवर संशोधकास दिवसाचा वेळ स्वतःच्या सोयीने वाटता येतो. येथे दिवस भरती-ओहोटी ठरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीस जी खडपे, पायऱ्या, विटांच्या रांगा किंवा खापरांचे थर उघडे पडतात, ते दोन-तीन तासांत पुन्हा झाकले जातात. तेवढ्या अवधीत मोजमाप, रेखाटन व छायाचित्रण उरकावे लागते, आणि राहिलेले काम पुढील उधाणापर्यंत थांबते. पावसाळ्यात काम अशक्य. पावसाळा संपला तरी खाड्यांच्या मुखाशी पाणी बराच काळ गढूळ राहते. पाणबुड्यास हातभर अंतरावरचे दिसत नाही अशा ठिकाणी डोळ्यांपेक्षा हातावर व दोरीवर अधिक विसंबावे लागते. आरंभी बिंदू निश्चित करावयाचा, तेथून दोरीने वर्तुळे आखीत जावयाचे, जे हाती लागेल त्याचे अंतर व दिशा पाण्यात चालणाऱ्या पाटीवर नोंदवावयाची आणि मगच ती वस्तू हलवावयाची, ही रीत सांगावयास सोपी आहे. प्रत्यक्षात वस्तू आधी वर येते व तिची जागा मागाहून आठवली जाते, असा प्रकार हौशी पाणबुड्यांकडून वारंवार घडतो. अशी वस्तू संग्रहालयाची शोभा वाढवील. इतिहासास तिचा उपयोग बेताचाच.

तळाची खोली सांगणारी व त्याचे चित्र उमटविणारी ध्वनियंत्रे आता उपलब्ध आहेत आणि त्यांमुळे विस्तीर्ण क्षेत्राची पाहणी अल्पकाळात होते. परंतु यंत्राने दाखविलेला उंचवटा हा खडक, गलबत किंवा बांधकाम यांपैकी काय आहे, हे अखेर खाली उतरूनच पाहावे लागते. कोठे उतरावयाचे याचे ज्ञान पुष्कळदा स्थानिक तांडेलांपाशी असते. कोणत्या जागी जाळे अडकते, कोणत्या खडपाला काय नाव आहे, कोणत्या वळणावर नांगर धरत नाही, हे त्यांस वंशपरंपरेने ठाऊक असते. या माहितीची टिपणे ग्रामनामांच्या अभ्यासाइतक्याच काळजीने घेतली पाहिजेत. खडपांची नावे कोणत्याही महसुली कागदात नसतात. यांत्रिक नौका व तयार नकाशे यांच्या काळात ती विसरली जाण्याचा संभव मोठा आहे.

भारतात या कामास संस्थात्मक रूप आले ते मुख्यतः १९८० नंतर. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. शि. र. राव यांच्या नेतृत्वाखाली सागरी पुरातत्त्वाचे कार्य सुरू झाले व १९८३ पासून द्वारकेच्या समुद्रात पाहणी होऊ लागली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने आपली पाण्याखालील शाखा २००१ मध्ये उघडली. कोकणाच्या दृष्टीने मात्र द्वारकेतून जो धडा मिळाला तो दगडी नांगरांच्या संबंधात आहे.

द्वारका व बेट द्वारका येथे दगडी नांगर मोठ्या संख्येने मिळाले. त्यांतील तीन भोकांच्या नांगरांचे सायप्रस व सीरियाच्या किनाऱ्यावरील कांस्ययुगीन नांगरांशी साम्य दिसल्यामुळे प्रारंभी त्यांचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकापर्यंत मागे नेण्यात आला. पुढे त्याच संस्थेतील संशोधकांनी अधिक नांगरांची नोंद केल्यावर हे कालनिर्णय ऐतिहासिक काळापर्यंत पुढे आणावेत, असे मत मांडले. आकाराचे साम्य हा काळाच्या साम्याचा पुरावा होत नाही, ही गोष्ट पुरातत्त्वात नवी नाही. पण नांगरांच्या बाबतीत तिचा विसर पडणे स्वाभाविक आहे. दगडाचा नांगर बनविण्याची गरज सर्व किनाऱ्यांवर सारखीच आणि त्याचे उपायही थोडेच. दोरीसाठी एक भोक व तळाशी रुतणाऱ्या लाकडी दातांसाठी दोन भोके, ही रचना कोणत्याही काळातील खलाशास सुचण्याजोगी आहे.

कोकणात जो प्रकार अधिक लक्षणीय आहे, त्यास ‘भारतीय-अरबी’ नांगर असे म्हणतात. उंच, चौकोनी छेदाचा, वर निमुळता होत जाणारा हा दगडी खांब असतो. त्याच्या माथ्याजवळ दोरीसाठी गोल भोक असते. खालच्या भागात दोन चौकोनी भोके एकमेकांस काटकोनात, एक थोडे वर व दुसरे थोडे खाली, अशी आरपार पाडलेली असतात. या भोकांतून लाकडी दांडे बसविले म्हणजे नांगर कोणत्याही बाजूने पडला तरी एक दांडा तळात रुततो. लाकूड कुजून जाते व खांब उरतो. असे खांब विजयदुर्गच्या परिसरात, गोव्याच्या पाण्यात, गुजरातेत, ओमानच्या किनाऱ्यावर, इराणातील सिराफ या जुन्या बंदरात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मिळाले आहेत. नेव्हिल चिटिक यांनी १९८० मध्ये पश्चिम हिंदी महासागरातील अशा नांगरांचा एकत्र विचार केला. त्यांचा काळ सामान्यतः इ. स. च्या नवव्या-दहाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत मानला जातो. लोखंडी नांगर प्रचारात आल्यावर त्यांचा वापर क्रमाने मागे पडला.

आठ शतकांचा हा पल्ला इतिहासकारास समाधान देणारा नाही. तो कमी करावयाचा तर दोन मार्ग दिसतात. पहिला, नांगर ज्या गाळाच्या थरात किंवा ज्या अवशेषांच्या संगतीत सापडतो त्याची नोंद. दुसरा, दगडाची जात. कोकणात काळा पाषाण व जांभा यांची विपुलता आहे. या किनाऱ्यावर चुनखडीचा किंवा अन्य परक्या दगडाचा नांगर मिळाला, तर तो ज्या गलबताबरोबर आला ते कोठे सज्ज झाले, याचा थोडा तरी माग लागतो. उलट काळ्या पाषाणाचा नांगर परदेशी बंदरात मिळाल्यास त्याचीही तीच कथा. यासाठी दगडाचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो आणि भूशास्त्रज्ञाचे साहाय्य घ्यावे लागते. नांगरांची संख्या, लांबी व वजन देणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत. दगडाची निश्चिती देणाऱ्या थोड्या. शिवाय किनाऱ्यावरच्या गावात असा घडीव खांब फार काळ पडून राहत नाही. तो उंबरा होतो, दावणीचा खांब होतो, गडग्यात बसतो. क्षेत्रनोंद करणाराने पाण्यात उतरण्यापूर्वी गावातून एक फेरी मारणे यासाठीच आवश्यक ठरते.

विजयदुर्गाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी असलेला हा किल्ला, इंग्रजांचा ‘घेरिया’, आंग्र्यांच्या आरमाराचे मुख्य ठाणे होता. किल्ल्यापासून आत, खाडीच्या दक्षिण काठावर गिर्ये-रामेश्वरच्या बाजूस, आरमाराची गोदी आहे. गॅझेटियरात तिची लांबी ३५५ फूट दिली आहे. आता ती गाळाने बहुतांशी भरली आहे. गलबते डागडुजीसाठी भरतीच्या वेळी आत घ्यावयाची व ओहोटीस कोरडी पाडावयाची, अशी तिची योजना दिसते. मराठी आरमाराविषयी इतके लिहिले गेले असताना त्याच्या एका प्रत्यक्ष कार्यशाळेकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमी गेले, हे नवल आहे. लोकांचे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच एका गोष्टीने, ती म्हणजे पाण्याखालची भिंत.

विजयदुर्गासमोर समुद्रात एक गुप्त भिंत असून शत्रूची जहाजे तिच्यावर आदळून फुटत, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. समुद्रविज्ञान संस्थेच्या पथकाने विजयदुर्गच्या पाण्यात १९९८ च्या सुमारास पाहणी केली. पाण्याखाली आठ ते दहा मीटर खोलीवर जांभ्या दगडाची भिंत असून ती अदमासे १२२ मीटर लांब, ३ मीटर उंच व ७ मीटर रुंद आहे, असे वर्णन तेव्हापासून रूढ झाले. आख्यायिकेस शास्त्रीय पाठबळ मिळाले, असे मानून नंतरच्या बहुतेक लेखनात दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या जातात. परंतु तळाशी एक रचना आहे, हे एक विधान झाले. ती शत्रूची जहाजे फोडण्यासाठी बांधली होती व तिने ती फोडली, ही आणखी दोन विधाने आहेत. पहिल्याच्या पुराव्याने पुढील दोन सिद्ध होत नाहीत.

साधे गणित करून पाहावे. तळ आठ ते दहा मीटर खोल व भिंतीची उंची तीन मीटर, म्हणजे भिंतीचा माथा पाण्याखाली पाच ते सात मीटरांवर येतो. ही खोली कोणत्या वेळच्या पाण्यापासून मोजली आहे, यावर पुष्कळ अवलंबून आहे. कोकणच्या या भागात उधाणाच्या भरती-ओहोटीतील फरक दोन मीटरांच्या वर जातो. साठ-सत्तर तोफांच्या युद्धनौकेचे बूड साधारणतः अठरा-वीस फूट, म्हणजे साडेपाच ते सहा मीटर पाण्यात असे. पुऱ्या ओहोटीस असे जहाज भिंतीस लागणे अशक्य नाही. भरतीस ते निर्वेध जाईल. कंपनीची लहान जहाजे, गुराबे व गलबते तर ओहोटीसही तिला स्पर्श न करता पार होतील. शत्रूस अडविण्यासाठी बांधलेली भिंत इतकी खोल का ठेवावी, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

आता लिखित पुरावा. १७२० मध्ये मुंबईकर इंग्रजांनी वॉल्टर ब्राउन याच्या हाताखाली विजयदुर्गावर मोहीम काढली. या मोहिमेसाठी ‘फ्राम’ नावाचा तरता तोफखाना मुद्दाम बांधला होता. तो किल्ल्यासमोर नेला गेला तेव्हा त्याच्या तोफांची तोंडे पुरेशी वर करता येत नाहीत असे आढळले! मोहीम फसण्यास अशी कारणे पुरेशी होती. त्यासाठी पाण्याखालच्या भिंतीची आवश्यकता नव्हती. १७२४ मध्ये डचांनी सात जहाजांनिशी केलेला प्रयत्नही निष्फळ झाला. परंतु निर्णायक पुरावा आहे तो १७५६ चा. तुळाजी आंग्र्यांवर चालून जाण्यापूर्वी कमोडोर जेम्स यास १७५५ च्या अखेरीस बंदराची पाहणी करण्यास पाठविले होते, आणि जहाजे किल्ल्याच्या जवळ नेता येतील असा त्याचा अभिप्राय होता. १२ फेब्रुवारी १७५६ रोजी ॲडमिरल वॉटसनचे आरमार दोन रांगांनी किल्ल्याच्या तटाखालून खाडीत शिरले व तेथे नांगर टाकून त्याने मारा सुरू केला. वॉटसन ज्यावर होता ते ‘केंट’ हे मोठ्या बुडाचे जहाज होते. या आरमाराचे कोणतेही जहाज भिंतीवर आदळून फुटले नाही. जे जळाले ते आंग्र्यांचे आरमार. कंपनीकडून पूर्वी पाडाव केलेल्या ‘रेस्टोरेशन’ या जहाजावर गोळा पडून आग लागली व ती एकमेकांस बांधलेल्या साऱ्या गलबतांत पसरली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला.

यावरून भिंत नाही, असे म्हणावयाचे नाही. ती कोणत्या कामाची होती, हा प्रश्न उरतोच. लाटांचा जोर मोडण्यासाठी घातलेला बांध, पूर्वी उथळ असलेल्या जागेवरील धक्का, तटाच्या दगडांची कोसळलेली रास, किंवा अंशतः नैसर्गिक जांभ्याचा कडा, असे अनेक पर्याय संभवतात. त्यांतील कोणता खरा, हे ठरविण्यास दगड घडीव आहेत काय, त्यांचे सांधे कसे आहेत, चुना वापरला आहे काय, पाया खडकावर आहे की गाळावर, आणि भिंतीच्या दोन्ही बाजूंस साचलेल्या गाळात कोणत्या काळाची खापरे आहेत, यांची तपशीलवार नोंद पाहिजे. जुन्या नौकानयनाच्या नकाशांवरील खोलीचे आकडेही येथे तपासून घेता येतील. आख्यायिकेस मान देण्याचा योग्य मार्ग म्हणजे तिची परीक्षा करणे. ती परीक्षा न करता तिला यंत्राचा दाखला जोडल्यास आख्यायिकाही बिघडते आणि नोंदही.

नोंद नीट ठेवली असता जुनी चूक दुरुस्त होऊ शकते, याचे दृष्टान्त घारापुरीच्या बेटावर मिळतात. लेण्यांकडे जाणाऱ्या प्रवाशास बेटाच्या ईशान्येकडील मोराबंदराचे भान नसते. पण प्राचीन बंदराचे अवशेष तेथेच आहेत. ओहोटीस उघड्या पडणाऱ्या भागात खापरांचा मोठा साठा असून त्यात ‘ॲम्फोरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परदेशी मद्यकुंभांचे तुकडे विपुल आहेत. रोमन साम्राज्याशी पश्चिम भारताचा व्यापार ‘पेरिप्लस’वरून ज्ञात होता. नेवासे, कोल्हापूर इत्यादी ठिकाणच्या उत्खननांमुळे त्यास भौतिक पुरावा लाभला होता. त्यामुळे जाड, परक्या मातीचे, आतून काळा लेप दिलेले खापर मिळाले की ते रोमन समजण्याची प्रथा पडली. रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातील अशा खापरांची फेरतपासणी करून २००७ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील पुष्कळ तुकडे रोमन नसून मेसोपोटेमिया व इराणी आखाताच्या प्रदेशातील कुंभांचे आहेत, असे त्यांनी दाखविले.

हे कुंभ लांबट, नळकांड्यासारखे व तळाशी टोकदार असतात. त्यांना ‘टॉर्पेडो घट’ असे नाव पडले आहे. रोमन कुंभास दोन कान असतात, यास कान नसतात. रोमन कुंभाच्या आत राळेचा लेप, याच्या आत डांबराचा. इटलीतील कंपानिया प्रांताच्या कुंभांच्या मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण भिंगातून दिसतात. ते यात नसतात. भेद इतका स्पष्ट असूनही तो दीर्घकाळ दृष्टीस पडला नाही, कारण काय सापडणार हे आधीच ठरले होते. या दुरुस्तीचा परिणाम मोठा आहे. टॉर्पेडो घटांचा वापर पार्थियन व सासानी काळापासून आरंभीच्या इस्लामी काळापर्यंत होत राहिला. म्हणजे जे खापर इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकाचे व पश्चिमेकडच्या रोमचे म्हणून मोजले जात होते, ते कित्येक ठिकाणी त्यानंतरच्या शतकांतील व आखाताकडील व्यापाराचे ठरते. रोमन व्यापार मंदावल्यावर कोकणची बंदरे ओस पडली, ही कल्पना मग तपासून घ्यावी लागते. दहाव्या शतकाच्या आरंभी मसूदीने चौल, म्हणजे अरबांचे ‘सैमूर’, येथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वसाहत पाहिली. ती वसाहत रिकाम्या किनाऱ्यावर अकस्मात उद्भवलेली नव्हती. आखाताशी असलेला संबंध त्यापूर्वी कित्येक शतके अखंड चालू असावा, असे या तुकड्यांवरून दिसते. चौल येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. विश्वास गोगटे यांनी या शतकाच्या आरंभी केलेल्या कामामुळे प्राचीन बंदराचा प्रश्न पुन्हा अभ्यासकांपुढे आला. रेवदंड्याच्या पोर्तुगीज कोटाखाली झाकोळून गेलेले जुने चौल आता स्वतंत्रपणे अभ्यासता येते.

टॉम्बर यांना ही दुरुस्ती करता आली, कारण आधीच्या संशोधकांनी तुकडे जपून ठेवले होते. नाव चुकले, तरी वस्तू व तिचे स्थळ टिकले. कान नसलेले, बेढब म्हणून टाकून दिलेले तुकडे किती असतील, याची गणना कोण करणार?

गोव्याच्या समुद्रातील फुटक्या गलबतांचा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. येथे दोनच निर्देश पुरेत. सुंची खडपावर, अवघ्या तीन ते सहा मीटर पाण्यात, लोखंडी तोफा, नांगर, हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी मातीची भांडी व मर्तबान यांचे अवशेष १९९७ नंतरच्या पाहणीत मिळाले. हा माल सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील पोर्तुगीज जहाजाचा असल्याचे मानण्यात येते. आफ्रिकेचे दात व चीनची भांडी एकाच फुटलेल्या तळाशी मिळावीत, हे गोव्याच्या तत्कालीन स्थानाचे जिवंत चित्र आहे. दुसरे गलबत सेंट जॉर्ज खडपावरचे. त्यात भाजलेल्या मातीची कौले, विटा आणि तशाच मातीचे कोरिंथियन पद्धतीचे स्तंभशीर्ष मिळाले. कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे वर्ष उठविलेले होते. १८६५ हे कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असल्यामुळे जहाज त्यानंतर बुडाले एवढेच सिद्ध होते, त्याच वर्षी बुडाले असे नव्हे. जहाजाचे नाव ज्ञात नाही. मंगळुरी कौलांनी पश्चिम किनाऱ्यावरील घरांचे रूप पालटून टाकले. त्या पालटाचा एक भार नेणारे हे गलबत लेखी इतिहासात बहुधा एका ओळीचेही धनी झाले नसेल.

सुंचीच्या अवशेषांची नोंद होण्यापूर्वी त्यांतील किती वस्तू खडपावरून नाहीशा झाल्या, हे आता सांगता येणार नाही. उथळ पाण्यातील स्थळांस हा धोका अधिक. किनाऱ्यावरील स्थळांस धोका निराळा आहे. नवे धक्के बांधले जातात, खाड्यांतून वाळू उपसली जाते, कोळंबीची तळी खणली जातात, आणि मातीबरोबर खापरांचे थर उचलले जातात. एकदा उपसलेल्या गाळातून नांगर मिळेलही, पण तो कोणत्या थरातला, हे पुन्हा कळणार नाही. गिर्ये-रामेश्वरच्या गोदीत साचलेला गाळ अद्याप जागेवर आहे. आंग्र्यांच्या गलबतांचे लाकूड, खिळे, काथ्या, गळतीवरचे लेप यांपैकी काही टिकले असेल, तर ते टिकण्यास ओला गाळ हेच उत्तम स्थान होय. तेथे एक लहानसा छेद घेण्यास पाणबुडेही लागणार नाहीत. ओहोटीचे वेळापत्रक, पंप आणि दोन हंगामांची चिकाटी एवढे साहित्य पुरेसे आहे.